लॅमिंग्टनचा उलटा हिशेब

मोबाइल जुना झाला की त्याचा भाव पडतो, बाइकचंही तेच. मग कॉम्प्युटरचा मागच्या पिढीतला पार्ट कधी कधी नव्याहून महाग का मिळतो? दुकानदाराला शिव्या घालण्याआधी हा हिशेब एकदा समजून घ्या. पुढच्या खरेदीत पैसे वाचतील.

समजा, तुम्ही लालबागला राहता. घरात दादाने इंजिनीअरिंगला असताना जुळवलेला पीसी आहे, २०१६-१७ सालचा. तुम्हाला आता व्हिडिओ एडिटिंग शिकायचंय आणि मशीन रखडतंय. चार व्हिडिओ बघून तुम्ही ठरवता की रॅम वाढवू या. मशीन जुनं, म्हणजे रॅमही जुन्या पिढीची, म्हणजे स्वस्तच असणार. लोअर परळहून स्लो लोकल पकडून तुम्ही ग्रँट रोडला उतरता, ईस्टला बाहेर पडता आणि लॅमिंग्टन रोड गाठता. काउंटरवरचा माणूस भाव सांगतो आणि तुम्ही उडता. मागच्या पिढीच्या रॅमचा भाव नव्या पिढीच्या रॅमइतका आणि कुठे कुठे तर तिच्याहूनही जास्त! वर पुन्हा उत्तर ठरलेलं, 'भाई, लेना है तो ले लो, कल ये भी नहीं मिलेगा.'

तुम्हाला वाटतं, पोरगं बघून टोपी घालतोय. म्हणून तुम्ही आणखी पाच दुकानं फिरता. भाव थोडाफार इकडेतिकडे, पण गोष्ट तीच. २०२५च्या पावसाळ्यात हा अनुभव अगदी शक्य होता, कारण त्या जूनमध्ये जगाच्या घाऊक बाजारात डीडीआर४ प्रकारच्या काही मेमरी चिप्सचा भाव नव्या डीडीआर५च्या वर गेला होता. तेव्हा ही एकट्या दुकानदाराची चलाखी नाही. यामागे साधं अर्थशास्त्र आहे आणि ते आपल्या रोजच्या बाजारातलंच आहे.

भावाची कढई

कुठल्याही पार्टच्या भावाचा आलेख काढला तर तो कढईसारखा दिसतो. दोन्ही काठ वर, मध्ये खोलगट. पार्ट बाजारात नवा येतो तेव्हा माल कमी आणि हौशी गिऱ्हाइकं जास्त, म्हणून तो महाग असतो. मग कारखाने पूर्ण वेगाने चालू होतात, सगळ्या कंपन्या तोच माल काढतात आणि भाव खाली येतो. पुढची पिढी आली की दुकानदार जुना माल काढून टाकतात, तेव्हा तो कढईच्या तळाला असतो. आपण जुनं म्हणजे स्वस्त म्हणतो ते हा तळ बघून.

पण गोष्ट तिथे संपत नाही. उत्पादन थांबतं. शिल्लक माल हळूहळू विकला जातो, काही जळतो, काही भंगारात जातो. गिऱ्हाइकं कमी झालेली असतात, पण संपलेली नसतात. माल त्यांच्याहून वेगाने कमी झाला की भाव कढईच्या दुसऱ्या काठाने वर चढायला लागतो.

डीडीआर४चं नेमकं हेच झालं. या पिढीची रॅम २०१४मध्ये बाजारात आली. डीडीआर५चं मानक २०२०मध्ये ठरलं आणि घरगुती पीसीत ती २०२१च्या अखेरीस पोहोचली. जगातली बहुतेक सगळी मेमरी तीनच कंपन्या बनवतात: दक्षिण कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स आणि अमेरिकेची मायक्रॉन. चिपचा कारखाना उभा करायला अफाट पैसा लागतो आणि सिलिकॉनची तबकडी एका वेळी एकाच कामाला लावता येते. त्याच तबकडीवर डीडीआर५ किंवा एआयच्या सर्व्हरमध्ये लागणारी एचबीएम मेमरी काढली तर नफा जास्त. मग जुनी रॅम काढत कोण बसणार? २०२५च्या पूर्वार्धात या कंपन्या डीडीआर४ आवरती घेणार अशा बातम्या आल्या, मोठ्या खरेदीदारांनी शेवटच्या ऑर्डरी टाकून माल भरून ठेवला आणि भाव उडाला.

त्यानंतर एआयच्या डेटा सेंटरांची भूक इतकी वाढली की वर्षाअखेरीस डीडीआर५ही महागली. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने तर 'क्रुशियल' हा आपला घरगुती गिऱ्हाइकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे लालबागचा विद्यार्थी आणि कॅलिफोर्नियातली एआय कंपनी आता एकाच कारखान्याच्या दारात रांगेत उभे आहेत. रांगेत पुढे कोण जाणार, हे वेगळं सांगायला नको.

दादरचं मॅचिंग

आता मागणीची बाजू बघू. नवी रॅम चांगली आणि तेवढ्याच पैशांत मिळत असेल, तर लोक सरळ तीच का घेत नाहीत?

कारण ती बसतच नाही. डीडीआर४ आणि डीडीआर५च्या पट्टीवर पिना सारख्याच, २८८, पण मधली खाच वेगळ्या जागी असते. डीडीआर४ १.२ व्होल्टवर चालते, डीडीआर५ १.१ व्होल्टवर. नवी रॅम हवी तर मदरबोर्ड नवा, नव्या मदरबोर्डला जुना प्रोसेसर चालत नाही म्हणून तोही नवा. बघता बघता रॅमची एक पट्टी अख्ख्या मशीनच्या भावात जाते.

दादरला रानडे रोडच्या बाजूला आईसोबत मॅचिंगच्या दुकानात गेला असाल तर हे तुम्हाला लगेच पटेल. आजीची पैठणी पिशवीत आहे आणि तिला साजेसा ब्लाउजपीस हवाय. दुकानात शेकडो रंग आहेत, त्यातले बरेच स्वस्त आहेत, पण ते तुमच्या कामाचे नाहीत. तुम्हाला जो एक रंग हवाय तो ज्याच्याकडे आहे, तो सांगेल तो भाव. तुम्ही किंमत देता ती कापडाच्या तुकड्याची नसते, त्या तुकड्यावाचून पडून राहणाऱ्या पैठणीची असते.

जुन्या पार्टचंही असंच. दुकानदार पट्टीवर किती जीबी आहेत एवढंच बघत नाही. ती मिळाली नाही तर तुमचं किती नुकसान होईल, याचाही त्याला अंदाज असतो. जितके जास्त अडकलेले तितका भाव जास्त.

प्रोसेसरमध्ये हे आणखी स्पष्ट दिसतं. इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीच्या मदरबोर्डवर जास्तीत जास्त आय७-७७००के बसतो, २०१७चा. ज्याच्याकडे त्या काळातला आय३ आहे, त्याच्यासाठी ही शेवटची पायरी. २०२२मध्ये आलेला साधा आय३-१२१०० तितक्याच म्हणजे ४ कोअर आणि ८ थ्रेडमध्ये त्याच्याहून सरस काम करतो. तरी सेकंडहँड बाजारात त्या जुन्या आय७चा रुबाब लवकर उतरला नाही, कारण त्या सॉकेटमधल्या सगळ्यांना शेवटी तोच हवा असतो. प्रत्येक सॉकेटच्या सर्वात वरच्या प्रोसेसरचं असंच होतं. एएमडीच्या एएम४वर गेमर मंडळी ५८००एक्स३डी शोधत फिरतात, ते याच कारणाने.

फळीचं भाडं

तिसरं कारण खास आपल्या मुंबईचं आहे. लॅमिंग्टन रोडवरची कितीतरी दुकानं म्हणजे एक काउंटर आणि मागे छतापर्यंत फळ्या. दक्षिण मुंबईत फूटभर फळीलाही भाडं पडतं. नवा माल आठवड्यात निघून जातो, जुना मदरबोर्ड तीन-तीन वर्षं जागा अडवून बसतो.

एक सोपं गणित करू. समजा, दुकानदाराने बंद पडलेल्या ऑफिसमधून १० जुने मदरबोर्ड प्रत्येकी १,००० रुपयांनी उचलले. तपासणीत ३ मेलेले निघाले. तीन वर्षांत उरलेल्यांपैकी ४ विकले गेले, ३ना गिऱ्हाईकच आलं नाही. गुंतलेले १०,००० रुपये फक्त ४ बोर्डांतून वसूल करायचे तर प्रत्येकाचा भाव निदान २,५०० हवा. त्यात तीन वर्षांचं भाडं, तपासणाऱ्या पोराचा पगार, अडकलेल्या पैशाचं व्याज आणि थोडा नफा मिळवा. तुमच्या हातातला बोर्ड न विकल्या गेलेल्या सहा भावंडांचा खर्चही अंगावर घेऊन आलेला असतो.

घरातही तीच गत. गिरगावातल्या चाळीतली खोली असो की परळमधला पुनर्विकासात मिळालेला फ्लॅट, जुना सीपीयू ठेवायला जागा कुणाकडे असते? दिवाळीची साफसफाई आली की तो भंगारवाल्याच्या काट्यावर जातो, किलोच्या भावात. पुढे त्यातलं तांबं आणि रॅमच्या पट्टीवरच्या पिनांचा सोन्याचा पातळ मुलामा काढून घेतला जातो. आपल्याला तो पार्ट फुकाचा वाटला म्हणून आपण तो टाकला, सगळ्यांनी टाकला म्हणून तो दुर्मीळ झाला आणि दुर्मीळ झाला म्हणून महागला.

पत्रिका, फॉन्ट आणि लॉक

हे फक्त गेमर आणि विद्यार्थ्यांपुरतं आहे असं समजू नका. जुन्या पार्टचे सर्वात खंबीर गिऱ्हाईक असतात व्यावसायिक.

आपल्या मराठीचंच उदाहरण घ्या. युनिकोड सर्वत्र रुळण्याआधी मराठी टायपिंग म्हणजे श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम अशी पॅकेजेस. त्याच्याही आधी १९८८मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड होतं, कॉम्प्युटरच्या स्लॉटमध्ये बसवायचं. डीटीपीच्या सॉफ्टवेअरसोबत पुष्कळदा एक हार्डवेअर लॉक यायचं. ते मशीनला लावलेलं नसेल तर सॉफ्टवेअर उघडणार नाही. जुनी लॉक लागायची प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला आणि हा पोर्ट आजच्या मशीनवर सहसा नसतो.

आता गिरगावात खाडिलकर रोडला लग्नपत्रिकांची रांगेने दुकानं आहेत. अशा धंद्यातल्या एखाद्या डीटीपीवाल्याकडे वीस वर्षांच्या पत्रिका, अहवाल, स्मरणिका जुन्या फॉन्टमध्ये साठवलेल्या असल्या आणि त्याचा जुना मदरबोर्ड गेला, तर त्याच्या दृष्टीने बोर्डाची किंमत काय? सगळ्या फायली युनिकोडमध्ये आणायच्या, जोडाक्षरं पुन्हा तपासायची, मजकूर नव्याने लावायचा, यात महिने जातील. त्यापेक्षा पॅरलल पोर्टवाला जुना बोर्ड दुप्पट भावात मिळाला तरी तो आनंदाने घेईल.

कारखान्यातल्या सीएनसी मशीनला, रुग्णालयातल्या जुन्या स्कॅनिंग यंत्राला जोडलेल्या कॉम्प्युटरचंही असंच. यंत्र लाखांचं आणि ठणठणीत, बंद पडला तो त्याला जोडलेला कॉम्प्युटर. घाऊक पेढ्यांवर करकर आवाज करणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर बघा. घरगुती साध्या इंकजेटपेक्षा तो महाग मिळतो, कारण कार्बन लावून एका फटक्यात बिलाच्या तीन प्रती काढणं इंकजेटला जमत नाही.

आणि ही वेळ कुणावरही येते. २००२मध्ये अमेरिकेची नासा अंतराळयानाच्या बूस्टरची चाचणी घेणाऱ्या उपकरणांसाठी इंटेलची ८०८६ चिप शोधत इंटरनेटवरच्या सेकंडहँड बाजारात फिरत होती. ही चिप १९७८ची! त्या चिपसाठी जुनी वैद्यकीय उपकरणंही विकत घेतली गेली. सोनीने २०११मध्ये फ्लॉपी बनवणं थांबवलं, तरी जुन्या भरतकामाच्या यंत्रांना डिझाइन द्यायला फ्लॉपी लागतच राहिली.

प्रत्येक जुनं सोनं नसतं

थांबा, लगेच पोटमाळ्यावर चढू नका. सगळे जुने पार्ट महाग नसतात. ज्या पार्टचा पर्याय सहज मिळतो, त्याचा भाव पडतोच. छोट्या क्षमतेच्या रॅमच्या पट्ट्या, लहान हार्ड डिस्क, साधे ग्राफिक्स कार्ड यांना फारसं कुणी विचारत नाही. भाव चढायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: उत्पादन बंद, पर्याय बसत नाही आणि अडकलेलं गिऱ्हाईक अजून शिल्लक. यातली एक जरी नसली तरी तो पार्ट नुसता जुना असतो.

शिवाय ऑनलाइन दिसणारा प्रत्येक आकडा खरा नसतो. आठ वर्षांपूर्वी टाकलेला भाव कुणी बदललेलाच नसतो किंवा कुणीतरी 'लागला तर लागला' म्हणून तिप्पट लिहून ठेवलेला असतो. मागितलेला भाव आणि मिळालेला भाव यांत फरक आहे.

मग करायचं काय?

या सगळ्यात एक बोचणारी गोष्ट आहे. ज्याच्याकडे एकरकमी पैसे आहेत तो नवं मशीन घेऊन मोकळा होतो. ज्याच्याकडे नाहीत तो थोडं थोडं करून जुनं ओढतो आणि प्रत्येक जीबीमागे जास्त पैसे मोजतो. म्हणजे ज्याचा खिसा हलका, त्यालाच भुर्दंड. तो टाळायचा तर बाजार कळायला हवा. म्हणून या काही गोष्टी लक्षात ठेवा.

सोबत येणारे आणि मागे राहणारे पार्ट वेगळे करा. एसएसडी, मॉनिटर, कीबोर्ड, चांगला पॉवर सप्लाय हे पुढच्या मशीनमध्येही तुमच्यासोबत येतात. रॅम, प्रोसेसर आणि मदरबोर्ड हे तिघे बहुतेक वेळा एकत्र जगतात आणि एकत्र निवृत्त होतात. जुन्या मशीनवर खर्च करायचाच तर आधी सोबत येणाऱ्यांवर करा. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकली तर पुष्कळदा रॅम न वाढवताही मशीन मोकळा श्वास घेतं.

कढईचा तळ गाठा. मशीन नवं घेताना किंवा त्याची पिढी अजून चालू असताना रॅम पुरेशी भरून घ्या. 'पुढे स्वस्त होईल तेव्हा टाकू' हा विचार काही काळ बरोबर असतो, पण नव्या पिढीची रॅम सर्वत्र दिसू लागली की जास्त थांबू नका.

पार्टचा भाव विचारताना पूर्ण मशीनचाही विचारा. ऑक्टोबर २०२५मध्ये विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर स्वीकारत नाही. त्यामुळे कंपन्यांमधून निघालेले जुने डेस्कटॉप सेकंडहँड बाजारात येतात. त्यातलं एखादं अख्खं मशीन तुमच्या महागड्या पार्टच्या आसपास मिळू शकतं. मात्र ब्रँडेड ऑफिस मशीनमध्ये मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय कधी कधी त्या कंपनीच्याच मापाचे असतात. सुटे काढून दुसरीकडे बसतील का, हे आधी विचारा.

तुमचं मशीनही आधी याच चाळणीतून काढा. ते विंडोज ११ घेणार नसेल तर महागडी रॅम टाकण्याआधी दोनदा विचार करा. कोडिंग, ब्राउझिंग, असाइनमेंट एवढंच काम असेल तर लिनक्स टाकून बघा, ते फुकट आहे.

मॅचिंगला जाताना साडी न्यावी तशी जुनी रॅमची पट्टी सोबत न्या. पिढी, वेग, लॅपटॉपची की डेस्कटॉपची, हे त्यावरच्या स्टिकरवर असतं. 'नवी' म्हणून दिलेली जुन्या पिढीची रॅम खरोखर नवी आहे की घासूनपुसून नवं स्टिकर लावलेली, हे नजरेला कळत नाही. म्हणून दुकानात लावून दाखवायला सांगा, तपासणीची मुदत ठरवा आणि बिल घ्या. आणि रविवारी जाऊ नका, लॅमिंग्टनला बरीच दुकानं बंद असतात.

अडकण्यातून सुटायचा आडमार्ग आहे का, तेही बघा. फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी पेन ड्राइव्ह लावू देणारे एम्युलेटर मिळतात. जुन्या आयडीई हार्ड डिस्कसाठी कन्व्हर्टर मिळतात. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारी साधनंही आहेत. घरच्यांचा डीटीपीचा किंवा कसला छोटा धंदा असेल तर मशीन चालू आहे तोवरच फायली नव्या रूपात आणून ठेवा. मशीन बंद पडल्यावर जी घासाघीस करावी लागते, तिच्यात तुमची बाजू कायम पडती असते.

शेवटचं, भंगाराबद्दल. जुनं मशीन काट्यावर ठेवण्याआधी डेटा पुसा, रॅम आणि प्रोसेसरचा मॉडेल नंबर टिपून घ्या आणि तुमच्या ग्रुपवर एक मेसेज टाका. वर्गातल्या कुणाचं तरी मशीन त्याच एका पट्टीसाठी अडलेलं असू शकतं. भंगारवाला त्या पट्टीचे वजनावर काही रुपये देईल. तीच पट्टी दुसऱ्या कुणाचं आख्खं सेमिस्टर चालवू शकते.